अंगावरच्या सेन्सरची बॅटरी वर्षभर कशी पुरवायची
छातीवरच्या ब्लूटूथ सेन्सर-पॅचची बॅटरी आठवड्यात बसत असेल तर लगेच ट्रान्समिट पॉवर (सिग्नल पाठवायची ताकद) कमी करायला धावू नका, सगळे आधी तिथंच हात घालतात. नॉर्डिक कंपनीच्या एनआरएफ५२८३२ या ब्लूटूथ चिपचं बघा, ३ व्होल्टला डीसी-डीसी (चिपमधला व्होल्टेज उतरवणारा भाग) चालू असताना ० डीबीएमला (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप) ५.३ मिलिअँप आणि +४ ला ७.५, पण तीच चिप झोपली की २ मायक्रोअँपच्या आसपास खाते, म्हणजे खरा खेळ रेडिओ कितीदा उठतो याचा आहे.

समजा हार्ट रेटचा १ बाइट दर सेकंदाला पाठवताय. बीएलईत (कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथमधे) प्रीअँबल, अ‍ॅड्रेस, हेडर, सीआरसी (चूक तपासायचे बाइट) धरून त्या १ बाइटमागे १७ बाइट वरखर्च, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! शिवाय प्रत्येक वेळी रेडिओच्या घड्याळाचा क्रिस्टल उठवायचा ते वेगळंच. त्यापेक्षा २० रीडिंग रॅममधे साठवा आणि एकदम पाठवा, डीफॉल्ट एमटीयू (एका वेळच्या डेटाची कमाल मर्यादा) २३ बाइट असतो त्यात २० बाइट आरामात बसतात. फक्त माणूस पडल्याचा अलार्म वगैरे असेल तर तो लगेच जाऊ द्या.

मग कनेक्शन इंटरव्हल वाढवून मागा (म्हणजे सेन्सर आणि फोन किती वेळाने बोलतात ते; ४ सेकंदांपर्यंत चालतो, पण शेवटी फोन देईल तेच खरं) आणि स्लेव्ह लेटन्सी (सेन्सरने सलग किती वेळा उत्तर दिलं नाही तरी चालेल तो आकडा) लावा, म्हणजे पाठवायला काही नसेल तेव्हा सेन्सर झोपून राहतो. इंटरव्हल ५०० मिलिसेकंद आणि लेटन्सी ४ असेल तर सुपरव्हिजन टाइमआउट (इतका वेळ काहीच ऐकू आलं नाही तर कनेक्शन तुटलं असं धरायची मुदत) ५ सेकंदांच्या वरच हवा, नाहीतर स्टॅक (ब्लूटूथचं सॉफ्टवेअर) ते सेटिंग घेतच नाही.

पॉवर कमी करायचीच तर सेन्सर अंगावर लावून, फोन मागच्या खिशात ठेवून बघा. टेबलावरच्या टेस्टला काही अर्थ नाही कारण शरीर २.४ गिगाहर्ट्झ चांगलंच शोषतं, अँटेना त्वचेला चिकटली की तिचं ट्यूनिंगही सरकतं, आणि पॅकेट हरवून परत पाठवायला लागलं की वाचवलेलं सगळं तिथंच जातं.

सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल वापरत असाल तर शेजारी १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, त्या सेलला करंटचे झटके झेपत नाहीत, व्होल्टेज पडतं आणि चिप रीसेट होते. लॉगिंगचा यूएआरटी (डीबगचे मेसेज बाहेर पाठवणारा सीरियल पोर्ट) बंद केलात ना? तो एकटाच शेकडो मायक्रोअँप खातो.

मोजायला साधा मल्टिमीटर नको, रेडिओचे झटके त्याला दिसतच नाहीत, पॉवर प्रोफायलर (क्षणाक्षणाचा करंट टिपणारं उपकरण) घ्या. सरासरी २० मायक्रोअँप आली तर २२० मिलिअँप-अवरचा सेल कागदावर ११,००० तास, म्हणजे सव्वा वर्ष जातो, प्रत्यक्षात थोडं कमीच धरा.