शॉक कधी द्यायचा, कधी नाही: या चुका टाळा

हृदय बंद पडलेल्या रुग्णाच्या ईसीजी मॉनिटरवर सरळ रेघ आली की कुणीतरी ‘शॉक द्या’ म्हणतंच. तो (डिफिब्रिलेटर मशीनचा विजेचा झटका) देऊ नका. शॉकने बंद हृदय सुरू होत नाही. विस्कटलेली लय क्षणभर थांबते आणि हृदयाला स्वतःची लय धरायची संधी मिळते, एवढंच. म्हणून शॉक दोनच लयींत: व्हीएफ (हृदयाच्या खालच्या कप्प्यांची नुसती थरथर) आणि नाडी नसलेला व्हीटी (त्याच कप्प्यांतून येणारी अतिवेगवान लय). असिस्टोल (सरळ रेघ) आणि पीईएमध्ये (पडद्यावर लय, पण नाडी नाही) सीपीआर (छाती दाबणं आणि श्वास देणं) करा, अ‍ॅड्रेनालिन १ मिग्रॅ लवकरात लवकर द्या, मग दर ३ ते ५ मिनिटांनी. सोबत कारण शोधा: ऑक्सिजनची कमतरता, रक्तस्राव, पोटॅशियम कमी-जास्त होणं, टेन्शन न्यूमोथोरॅक्स (छातीत कोंडलेल्या हवेचा दाब).

पीईए हमखास फसवतो. पडद्यावर नीटनेटके कॉम्प्लेक्स (ठोक्यांच्या लहरी), हाताला नाडी नाही. मॉनिटरवर विसंबू नका, नाडी बघा, पण १० सेकंदांच्या आत.

सरळ रेघ खरी आहे ना, हेही बघा. लीड (मॉनिटरची जोडणी) सुटलेली असते, गेन (पडद्यावर लहर किती मोठी दिसते ते) कमी असतो. वायर तपासा, गेन वाढवा, दुसरी लीड लावून बघा. तोवर छाती दाबणं चालूच हवं.

बटण दाबूनही शॉक गेला नाही? सिंक (ठोक्याशी जुळवून शॉक देणारा मोड) चालू राहिलं असेल. सिंकमध्ये मशीन आर वेव्हची (ठोक्याच्या लहरीतल्या उंच टोकाची) वाट बघतं आणि व्हीएफमध्ये ती सापडत नाही. सिंक बंद करून पुन्हा शॉक द्या.

सगळ्यात महागात पडते ती शॉकनंतरची चूक. शॉक बसतो आणि सगळे हात बाजूला ठेवून मॉनिटरकडे बघत राहतात. लय परतली तरी हृदयाला पुरेसं रक्त ढकलायला वेळ लागतो. तेवढा वेळ मेंदूला रक्त तुमच्याच हातांनी मिळतं. त्यामुळे नाडी न तपासता लगेच कॉम्प्रेशन (छाती दाबणं) सुरू करा, मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंमी, आणि २ मिनिटांनीच लय बघा. चार्जिंग चालू असतानाही दाबत राहा. शॉकच्या क्षणी मोठ्याने ‘बाजूला व्हा’ म्हणा, मास्कचा ऑक्सिजन किमान १ मीटर लांब न्या. ऊर्जा किती, हे आपल्या मशीनच्या कंपनीने सांगितलंय तेवढी. बायफेजिक (दोन्ही दिशांनी प्रवाह सोडणाऱ्या) मशीनला बहुधा १२० ते २०० जूल.

हॉस्पिटलबाहेर एईडी (शॉक देणारं स्वयंचलित मशीन) असेल तर लय ते मशीनच ओळखतं. तिथली चूक वेगळी: माणूस बेशुद्ध आहे, मधूनच आचके देतोय, आणि आजूबाजूचे म्हणतात ‘श्वास चालू आहे’. ते आचके म्हणजे श्वास नव्हे. लगेच छाती दाबायला लागा, दुसऱ्याला एईडी आणायला पाठवा आणि ओली छाती पुसूनच पॅड चिकटवा.