इंटरव्ह्यू फसल्यावर पुढच्या दोन दिवसांत काय करावं

डेव्हलपरच्या इंटरव्ह्यूत गाडी अडली की बरेच जण त्याच रात्री लीटकोड (कोडिंगच्या सरावाची साइट) उघडून बसतात. मेहनत चांगलीच, पण पुष्कळदा ती भलत्याच जागी खर्च होते. आधी नेमकं कुठे बिनसलं ते शोधा, मग अभ्यासाला लागा.

कॉल संपल्यावर तासाभरात विचारलेले सगळे प्रश्न लिहून काढा. झोपून उठल्यावर फक्त अपमान आठवतो, प्रश्न आठवत नाहीत. प्रत्येक प्रश्नापुढे तुमचं उत्तर, लागलेला वेळ आणि समोरच्याने दिलेली हिंट लिहा. यात हिंट सर्वांत मोलाची. ‘याहून लवकर होईल का?’ असं विचारलं, तर उत्तर बरोबर होतं पण पद्धत संथ होती. ‘अ‍ॅरे रिकामा आला तर?’ म्हणजे एज केस, म्हणजे क्वचित येणारा टोकाचा इनपुट, राहून गेली. ‘यात तुम्ही स्वतः काय केलंत?’ हे दोनदा विचारलं असेल, तर रेझ्युमेवरचा प्रोजेक्ट त्यांना पटलेला नाही, आणि त्यावर कोडिंगचा सराव हा इलाज नाही.

दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न ४५ मिनिटांचा टायमर लावून पुन्हा सोडवा. साधा एडिटर घ्या, ऑटोकम्प्लीट बंद ठेवा, मोठ्याने बोलत लिहा आणि फोनवर रेकॉर्ड करा. घरी २० मिनिटांत सुटला, तर ज्ञान होतं, बोलताना विचार तुटत होता. अशांना एखाद्या मित्रासमोर चार-पाच मॉक इंटरव्ह्यू दिल्याने जास्त फायदा होतो. उत्तर बघितल्याशिवाय सुटलाच नाही, तर त्याच पॅटर्नचे आठ-दहा प्रश्न घ्या; दोनशे नकोत. सुटला पण तासावर वेळ गेला, तर वेळेची वाटणी चुकते आहे. पहिली पाच मिनिटं इनपुट किती मोठा, डुप्लिकेट चालतील का, हे विचारण्यात घालवा. पुढची दहा पद्धत सांगून होकार घेण्यात, वीस कोड लिहिण्यात आणि उरलेली दहा एका छोट्या उदाहरणावर कोड हाताने चालवून बघण्यात. होकार न घेता टाइप करायला लागणं हीच इथली सगळ्यात महागडी चूक.

इनपुटचा आकार का विचारायचा? समजा एक लाख आकड्यांमधून ठराविक बेरजेची जोडी शोधायची आहे. दोन नेस्टेड (एकात एक) लूप लावले तर जवळपास ५०० कोटी जोड्या तपासाव्या लागतात. सेकंदाला सुमारे १० कोटी साध्या क्रिया असा ढोबळ हिशेब धरला, तरी ५० सेकंद गेले. हॅशमॅप (आधी पाहिलेला आकडा लगेच शोधून देणारी रचना) वापरला तर एक लाखाची एकच फेरी. हा हिशेब तोंडाने मांडणारा उमेदवार कोड अर्धवट राहिला तरी लक्षात राहतो.

एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेत, दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढा, हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो आणि हमखास फसवतो. उतरत्या क्रमाने लावून पहिली ओळ सोडायची आणि दुसरी घ्यायची, हे उत्तर सर्वांत वरचा पगार दोघांना असला की कोसळतं. आधी डिस्टिंक्ट लावून सारखे पगार एकदाच धरा, किंवा क्रमांक न गाळता देणारा डेन्स रँक वापरा. नुसता रँक चालत नाही, कारण दोघे पहिले आले की पुढचा थेट तिसरा होतो आणि दुसरा कुणी सापडतच नाही. इंटरव्ह्यूत अडलेला प्रश्न असा मुळापर्यंत समजून घ्या. उत्तर पाठ करून पुढच्या खेपेला पुन्हा अडकाल.

एचआरला २४ तासांत आभाराचा चार ओळींचा मेल पाठवा. निकालाची तारीख सांगितली असेल तर ती उलटेपर्यंत थांबा; नसेल तर पाच कामाच्या दिवसांनी एकदाच विचारा. नकार आला तर ‘फीडबॅक द्या’ असं मोघम लिहू नका, साचेबद्ध उत्तर येतं. ‘कोडिंग आणि डिझाइन यांपैकी कोणत्या राउंडमध्ये कमी पडलो, आणि पुन्हा अर्ज किती महिन्यांनी करता येईल?’ असं विचारा. उत्तर आलं तर आभार माना, वाद घालू नका.

काही वेळा दोष उमेदवाराचा नसतोच. जाहिरात बॅकएंडची, म्हणजे सर्व्हरच्या कामाची, आणि प्रश्न स्क्रीनवरचा भाग बनवणाऱ्या रिअ‍ॅक्टचे, किंवा चार राउंड झाल्यावर ‘बजेट नाही’. हे टाळायचं तर पहिल्याच कॉलवर एचआरला विचारा: राउंड किती, प्रत्येक किती वेळाचा, डीएसए (डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदमचे प्रश्न) की मशीन कोडिंग (ठरलेल्या वेळात छोटा चालणारा प्रोग्राम लिहिणं), सीटीसीत (वर्षाच्या एकूण पॅकेजमध्ये) फिक्स्ड किती आणि व्हेरिएबल किती, हिंजवडीत असेल तर आठवड्याचे किती दिवस ऑफिस. तुमचा नोटीस पीरियड ९० दिवसांचा असेल तर तेही तिथेच सांगा. पुढे हेच कारण नकाराला पुरतं. घरी करायची असाइनमेंट दिली तर किती तासांची ते आधी ठरवून घ्या. तीन-चार तासांपर्यंत ठीक. त्यांच्या चालू प्रॉडक्टचं आख्खं फीचर मागितलं तर नम्रपणे छोटा भाग करून देण्याचा पर्याय सुचवा, नाही म्हणाले तर सोडून द्या.

ट्रेनिंग, लॅपटॉप किंवा व्हेरिफिकेशनच्या नावाखाली उमेदवाराकडे पैसे मागितले, तर ती फसवणूकच समजा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणं अवघड होतं.