शिडाच्या छोट्या बोटीत खरोखर किती जण झोपू शकतात?

विक्रीच्या पत्रकात 'बर्थ ६', म्हणजे झोपायच्या सहा जागा, असं छापलेलं असतं. टेबल खाली उतरवून केलेला पलंग, कॉकपिटखालचं (सुकाणूपाशी बसायच्या उघड्या जागेखालचं) भुयार, नाळेतली (बोटीच्या पुढच्या टोकातली) त्रिकोणी जागा, सगळं त्यात धरलेलं असतं. २२ ते २८ फुटांच्या जुन्या क्रूझिंग (आत राहून प्रवास करायच्या) बोटींची तुलना करताना हा आकडा सोडून द्या आणि वहीत दोन रकाने आखा. पहिला: नांगर टाकल्यावर किती जण झोपतील. दुसरा: बोट चालू असताना किती.

मापं गादी काढून घ्या. जुना फोम दबलेला असतो, त्यामुळे डोक्यावर भरपूर जागा आहे असं वाटतं. नवा १० सेंमीचा फोम घातला की ती कमी होते. तेव्हा फळीपासून उंची मोजून त्यातून १० वजा करा. लांबी आपल्या उंचीपेक्षा निदान १० सेंमी जास्त हवी. खांद्याशी ५५ ते ६० सेंमी आणि पायाशी ३५ सेंमी रुंदी एकट्याला पुरते. रुंदी गादीच्या पातळीवरच मोजा, कारण बोटीची भिंत वर जाताना बाहेर झुकते आणि वरून घेतलेलं माप फसवतं. कुशीवर वळायला छातीशी ५० सेंमी आणि उठून बसायला ९० सेंमी उंची लागते. नंतर गादी परत घालून स्वतः आडवं व्हा, दोन्ही कुशींवर वळा. विकणाऱ्याला काय वाटेल याचा विचार करू नका.

नाळेतला व्ही-बर्थ बंदरात छान. टोकाशी दोघांचे चार पाय येतात. तिथे ४५ सेंमीहून कमी रुंदी असेल तर तो एकट्याचा धरा. मधला त्रिकोणी तुकडा घातल्याशिवाय दोघांना झोपता येत नसेल, तर तो तुकडा बोटीवर आहे का ते विचारा. बऱ्याचदा तो हरवलेला असतो. टॉयलेट या बर्थच्या खाली असेल, तर रात्री कोणाला जायचं झालं की झोपलेल्याला उठावं लागतं. वाऱ्याच्या तोंडावर जाताना नाळ इतकी आपटते की तिथे झोप लागत नाही, म्हणून दुसऱ्या रकान्यात व्ही-बर्थपुढे शून्य लिहा.

चालत्या बोटीत उपयोगाची जागा मधोमध, बोटीच्या लांबीला समांतर आणि अरुंद असते. रुंद पलंगावर माणूस गडगडतो. सरळ बाकावर वाऱ्याआडच्या, म्हणजे बोट जिकडे कलते त्या बाजूला झोपणारा भिंतीला टेकून राहतो, पण टॅक बदलला, म्हणजे वारा दुसऱ्या बाजूने घेतला, की तोच बाक वर जातो आणि तो खाली पडतो. त्यासाठी ली-क्लॉथ लागतो: जाड कापड, सुमारे सव्वा मीटर लांब, गादीच्या वर ४५ सेंमी. खालची कड लाकडी पट्टीखाली दाबून गादीखालच्या फळीला स्क्रूने बसवा, वरची दोरी छतालगतच्या भक्कम कड्याला बांधा. नुसत्या प्लायमध्ये मारलेला स्क्रू पूर्ण माणसाच्या वजनाने उपटून येतो. त्यामागे वॉशर-नट हवाच. गाठ आतून, झोपल्या झोपल्या सुटली पाहिजे.

क्वार्टर बर्थला, म्हणजे कॉकपिटखालच्या त्या भुयाराला, ली-क्लॉथची गरज नसते, दोन्ही टॅकवर माणूस जागेवर राहतो. पण हवा खेळत नाही, उशीवर जिन्यातून तुषार येतात आणि इंजिन शेजारी असेल तर डिझेलचा वास येतो. शिवाय बहुतेक मालक तिथे शिडांच्या पिशव्या कोंबतात. त्या पिशव्यांना दुसरी जागा नसेल तर तो बर्थ मोजू नका.

डायनेट, म्हणजे समोरासमोर बसायची टेबलाची मांडणी, जेवायला उत्तम. पलंग करताना टेबल खाली ज्या पट्ट्यांवर टेकतं त्या तपासा. त्या सैल असतील तर पलंग मध्यरात्री खचतो. पलंग केल्यावर चहा ठेवायलाही टेबल उरत नाही. आणि एका बाजूला डायनेट आलं की तिथला सरळ बाक गेला, म्हणजे चालत्या बोटीतली एक झोप गेली.

तीन ओळखीच्या बोटींना हेच माप लावून पाहू. कॅटालिना २२ पाच जणांची म्हणवते: व्ही-बर्थ, डायनेट आणि मागे कॉकपिटखाली शिरणारा एकेरी बर्थ. आमच्या हिशेबाने बंदरात तीन मोठी माणसं, चालताना एक. वेस्टर्ली सेंटॉर २६ फुटी, सहा जणांची. तिच्या मांडण्या एकाहून जास्त आहेत, म्हणून 'सेंटॉर आहे' एवढ्यावर थांबू नका, डायनेटची आहे की दोन बाकांची ते विचारा. दोन बाकांची असेल तर बंदरात चार, चालताना दोन. अल्बिन वेगा २७ फुटी; नाळेत दोन, मध्ये दोन बाक. पत्रकातही चारच, बंदरात चार, चालताना दोन. ती ८.२५ मीटर लांब पण फक्त २.४६ मीटर रुंद आहे, त्यामुळे बंदरात बसायला दाटी होते; रात्रीच्या प्रवासात मात्र सहा बर्थच्या सेंटॉरइतकीच माणसं ती झोपवते.

चौघे पाळीपाळीने सुकाणू धरणार असतील तर एका वेळी दोघेच झोपतात, म्हणून दुसऱ्या रकान्यात दोन पुरेत. सगळ्यांच्या बॅगा रात्री कुठे जाणार तेही त्याच वहीत लिहा. त्या बाकांवर ठेवायच्या असतील तर तितके बर्थ कमी करा.