जुन्या प्रवासी जहाजाचा पत्रा तपासायला जाणाऱ्यांसाठी

पुण्यातून जहाजांच्या कामात जाणारी बरीच मुलं इंदुरीच्या तोलानीत किंवा लोणी काळभोरच्या मॅनेटमध्ये शिकलेली असतात. पण आणखी एक वाट आहे. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत फोर्जिंग तपासत अल्ट्रासोनिकची, म्हणजे ध्वनिलहरींनी धातू तपासण्याची, लेव्हल टू पात्रता मिळवायची आणि तिथून जहाजाच्या जाडीमापनात शिरायचं. मी त्याच वाटेने आले, म्हणून त्याच मुलामुलींसाठी लिहिते आहे.

कारखान्यातला जॉब मशीनिंग करून, पुसून समोर येतो. जहाजाच्या पत्र्यावर तीस-तीस वर्षांचे रंगाचे थर असतात आणि प्रतिध्वनीच्या वेळेवरून जाडी काढणारं आपलं यंत्र तिथेच फसवतं. रंगातून ध्वनी पोलादाच्या मानाने बराच हळू जातो. त्यामुळे एकाच प्रतिध्वनीवर मोजलं तर १ मिमी रंग सुमारे अडीच मिमी पोलाद म्हणून आकड्यात मिसळतो. समजा, पत्रा मूळचा १० मिमीचा आणि झिजून ८ वर आलेला आहे. यंत्र साडेदहा दाखवेल आणि तुम्ही समाधानाने पुढे जाल. म्हणून एक तर खरवडून स्वच्छ जागेवर मोजा, नाहीतर रंग वगळून मोजणारा मल्टिपल एको प्रकार वापरा. कामाला लागण्याआधी आणि मधूनमधूनही स्टेप ब्लॉकवर (ठरावीक जाडीच्या पायऱ्या असलेल्या ठोकळ्यावर) कॅलिब्रेशन तपासत राहा.

धातूही आधी विचारून घ्या. क्वीन एलिझाबेथ २ सारख्या जहाजांचे वरचे मजले ॲल्युमिनियमचे होते. पोलादात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर, तर ॲल्युमिनियममध्ये ६,३०० च्या आसपास. सेटिंग बदललं नाही तर सगळं पान चुकतं. शिवाय जिथे हे दोन धातू एकमेकांना भिडतात, तिथे मधलं इन्सुलेशन खराब होऊन खारं पाणी शिरलं की ॲल्युमिनियम झपाट्याने खाल्लं जातं. तो सांधा कधीच सोडू नका.

आता पोच्यांबद्दल. उन्हं तिरपी झाली की जुन्या जहाजाची बाजू लाटा उठल्यासारखी दिसते. नवा माणूस हबकतो. त्यातला काही भाग जहाज बांधतानाचाच असतो, कारण वरच्या मजल्यांचे पातळ पत्रे वेल्डिंगच्या उष्णतेने ओढले जातात. काही पोचे धक्क्याचे फेंडर आणि टगबोटी वर्षानुवर्षं दाबून झालेले असतात. पत्रा फ्रेमच्या (पत्र्यामागच्या आधाराच्या फासळ्यांच्या) मधे मधे आत बसतो आणि भुकेल्या घोड्यासारख्या बरगड्या दिसू लागतात. दिसायला वाईट, पण पत्रा जाड असेल आणि पोचा उथळ, गोलसर असेल तर तेवढ्याने जहाज धोक्यात येत नाही.

खरा प्रश्न पोच्याच्या मागे काय झालंय हा आहे. आत जा, अस्तर काढून घ्या, बॅटरी पत्र्याला जवळजवळ टेकवून उजेड आडवा टाका. फ्रेम कलली आहे का, ब्रॅकेट वाकलं आहे का, वेल्डच्या कडेने रंग रेषेत तडकून गंजाची ओळ उतरली आहे का, हे बघा. तीक्ष्ण घडी आणि तडा असेल तर त्याच वेळी क्लासच्या (जहाज तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या) सर्व्हेअरला बोलवा. नोंदीत लांबी, रुंदी, सर्वांत जास्त खोली, फ्रेम नंबर आणि आधीच्या अहवालात तो पोचा होता का, एवढं हवंच. ‘बाजूला पोचे आहेत’ ही नोंद कुणाच्याही उपयोगाची नाही.

माझं ठाम मत आहे की प्रवासी जहाजात सगळ्यांत जास्त लक्ष ओल्या जागांना द्यावं: बाथरूमची युनिटं, गॅली (स्वयंपाकघर), लॉन्ड्री, पोहण्याच्या तलावाची कड, खिडक्यांचे खालचे कोपरे. वर चकचकीत टाइल्स आणि खाली डेकचा पत्रा पाण्यात. खालच्या मजल्यावरून छताचं पॅनेल उतरवलं की निचऱ्याच्या पाइपाभोवती बोटभर जाड खपल्या लोंबताना दिसतात. हातोडीने हलकं ठोकलं की त्या चळतच्या चळत गळतात. गंज फुगून मूळ धातूच्या कितीतरी पट जागा घेतो, त्यामुळे खपल्या जाड दिसल्या तरी आत पत्रा किती उरलाय ते झाडून, मोजूनच कळतं. तिथे एकाच आकड्यावर थांबू नका. पिटिंग (गंजाने पडलेले खड्डे) असेल तर खड्ड्याच्या तळाचा आकडा वेगळा आणि शेजारचा वेगळा लिहा.

झीज किती चालते हे जागेवर आणि क्लासच्या नियमांवर ठरतं. जेवढ्या झिजेची मुभा असते तिच्या ७५ टक्क्यांहून जास्त झीज झाली की पत्रा मर्यादेत असूनही ‘सब्स्टॅन्शियल कोरोजन’ (लक्षणीय गंज) मध्ये धरतात आणि तिथे मोजमापं वाढवावी लागतात. म्हणजे मुभा २ मिमीची असेल तर दीड मिमी ओलांडताच तुमचं काम वाढलं.

बंद टाकीबद्दल मात्र हात जोडून सांगते. गंजणारं पोलाद हवेतला ऑक्सिजन खातं. रिकामी, कोरडी, वास नसलेली टाकीही जीव घेऊ शकते. परमिट, गॅस मीटरचं रीडिंग आणि तोंडाशी उभा माणूस, यातलं एक जरी नसलं तर उतरायचं नाही. कितीही घाई असली तरी नाही.

नोकरी धरताना कंपनीला कोणत्या क्लासची मान्यता आहे ते आधी विचारा. क्लासच्या सर्व्हेसाठी मान्यता नसलेल्या कंपनीची मोजमापं धरली जात नाहीत, आणि मापनाच्या वेळी क्लासचा सर्व्हेअरही हजर राहावा लागतो. पहिले काही महिने तुमच्या हातात प्रोब (यंत्राचा पत्र्याला टेकवायचा भाग) येणार नाही, वहीच येईल. ती वही मागून घ्या. फ्रेम नंबर आणि पत्र्यांच्या ओळी ड्रॉइंगवर पटापट सापडायला लागल्या की प्रोब आपोआप हातात येतो.