ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटचं टोनिंग आणि टिकाऊपणा: या चुका टाळा

प्रिंट सेलेनियम टोनरमध्ये (चांदीच्या प्रतिमेचा रंग बदलणाऱ्या आणि ती टिकवणाऱ्या रसायनात) सोडली आणि पांढऱ्या किनारीवर पिवळट डाग उमटले, की पहिला संशय टोनरवर जातो. बाटली जुनी असेल, प्रमाण चुकलं असेल. बहुतेक वेळा टोनर नुसती चुगली करत असतो. गडबड आधीच, फिक्सरमध्ये (प्रतिमेत न वापरलेली चांदीची संयुगं विरघळवणाऱ्या रसायनात) झालेली असते. पेपरात चांदीची संयुगं उरली की सेलेनियम त्यांना लगेच रंगवतं. टोनिंग केलं नसतं, तरी तीच संयुगं काही वर्षांनी भिंतीवरच्या फ्रेममध्ये पिवळी पडली असती.

म्हणून फिक्सरमध्ये काटकसर नको. फिल्मसाठी वापरलेला फिक्सर प्रिंटला वापरू नये. फायबर पेपरची (प्लास्टिकचा थर नसलेल्या कागदी पेपरची) प्रिंट खरोखर टिकवायची असेल, तर लिटरभर रॅपिड फिक्सरमध्ये 8×10 च्या दहाएक प्रिंट, त्यापुढे नाही. दोन ट्रे ठेवले तर उत्तम: पहिला थकला की फेकायचा, दुसरा त्याच्या जागी सरकवायचा आणि दुसऱ्यात ताजा ओतायचा.

‘जास्त वेळ ठेवली की जास्त पक्की’ हा उलटा गैरसमज. 1+4 च्या (एक भाग रसायन, चार भाग पाणी) ताज्या रॅपिड फिक्सरमध्ये मिनिटभर पुरतं. दहा मिनिटं बुडवलेल्या फायबर पेपरच्या तंतूंत हायपो (फिक्सरमधलं थायोसल्फेट) मुरतो आणि मग निघता निघत नाही. शिवाय हायलाइटमधल्या (उजळ भागांतल्या) नाजूक करड्या छटा खाल्ल्या जातात.

धुताना प्रिंटची चळत नळाखाली ठेवणं म्हणजे वरची एकच प्रिंट धुणं. फायबर पेपरला पाच मिनिटं पाणी, मग 2 टक्के सोडियम सल्फाइटमध्ये दहा मिनिटं, मग पुन्हा वाहतं पाणी. शेवटच्या धुण्यात हात आखडू नये. आरसी (प्लास्टिकचा थर दिलेल्या) पेपरला मात्र दोन मिनिटं बास, जास्त वेळ ठेवलात तर कडांतून पाणी शिरतं. एप्रिल-मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चटका देतं. त्यात प्रिंटवरचं जिलेटिन फुगून मऊ पडतं आणि नख लागलं तरी ओरखडा उठतो. तेव्हा पहाटेचं पाणी भरून ठेवावं. टोनिंगनंतरही पुन्हा नीट धुवायचं, कारण बाजारातल्या सेलेनियम टोनरमध्ये सहसा थायोसल्फेट असतंच.

सेपिया (तपकिरी टोनिंग) करताना टाचणीच्या टोकाएवढे निळे ठिपके आले? जुन्या लोखंडी पाइपातून आलेला गंजाचा कण ब्लीचमधल्या (सेपियाआधी प्रतिमा फिकी करणाऱ्या द्रावणातल्या) फेरिसायनाइडशी जुळला की प्रशियन ब्लू तयार होतो. एकदा बसला की तो धुऊन जात नाही. नळाला बारीक फिल्टर लावा, चिरलेले एनॅमलचे ट्रे बाद करा आणि ब्लीच गाळलेल्या पाण्यात बनवा.

सेपिया मोहरीसारखा पिवळा येत असेल, तर थायोयुरियाच्या टोनरमध्ये कॉस्टिक सोडा थोडा वाढवून बघा. रंग थंड, चॉकलेटी होत जातो. मूळ प्रिंट किंचित गडद काढावी, कारण सेपियात ती उजळते. सल्फाइडचा टोनर वापरणाऱ्यांनी तो ॲसिड स्टॉप बाथपासून (डेव्हलपिंग थांबवणाऱ्या आम्लाच्या द्रावणापासून) लांब ठेवावा. सडक्या अंड्यांचा वास सोडणारा तो वायू विषारी असतो, आणि न वापरलेला पेपरही त्याने धुरकटतो.

‘सेलेनियमने रंगच आला नाही’ ही तक्रार बहुधा न्यूट्रल (काळ्या-करड्या छटेच्या) पेपरची असते. 1+19 मध्ये तो जेमतेम हलतो, सावल्या तेवढ्या दाट होतात. वॉर्मटोन (उबदार तपकिरी छटेचा) पेपर मात्र बघता बघता वांगी-जांभळा होतो. म्हणून शेजारच्या ट्रेमध्ये टोन न केलेली ओली प्रिंट ठेवावी आणि साध्या पांढऱ्या उजेडात तुलना करावी. एकटीकडे बघत राहिलं की डोळा रंगाला सरावतो. सावल्यांना आधी थोडं सेलेनियम आणि मग हलका सेपिया, हा जोड माझ्या मते दोन्हींपैकी कुठल्याही एकट्या टोनरपेक्षा देखणा, आणि त्यात हायलाइटची चांदीही सल्फाइड होऊन सुरक्षित राहते. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा.

शंका असेल तर धुतलेल्या ओल्या प्रिंटच्या पांढऱ्या किनारीवर 1+9 सेलेनियमचा एक थेंब टाका आणि दोन-तीन मिनिटांनी टिपून घ्या. फिकट क्रीमपेक्षा गडद डाग दिसला तर ताज्या फिक्सरमध्ये पुन्हा फिक्स करा. पीव्हीसीचे अल्बम टाळा. ताज्या ऑइल पेंटच्या भिंतीवर फ्रेम लगेच टांगू नका, त्या वाफांनी चांदी ऑक्सिडाइज होते. पावसाळ्यात फ्रेमची पाठ ओल येणाऱ्या भिंतीला टेकू देऊ नका, मागे कॉर्कचे तुकडे चिकटवले तरी हवा खेळते.