राउटर दुसऱ्याचा, चिप तुमची: अमेरिकेतल्या पेटंट वादात मध्ये पडताना या चुका टाळा

बाहेर बनलेला वाय-फाय राउटर अमेरिकेत उतरतो आणि पेटंटधारक वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे, १९३० च्या टॅरिफ कायद्याच्या कलम ३३७ खाली, तक्रार ठोकतो. तक्रारीत नाव असते राउटर विकणाऱ्या ब्रँडचे. आरोप मात्र पुष्कळदा आतल्या चिपवर किंवा तिच्या फर्मवेअरवर (चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) असतो आणि ती बनवणारी कंपनी कागदावर कुठेच नसते. आयोग नुकसानभरपाई देत नाही, माल सीमेवरच अडवतो. त्यामुळे कागदावर नसलेल्यांचीही झोप उडते आणि घाईत हस्तक्षेपाचे, म्हणजे चालू चौकशीत पक्षकार करून घेण्याचे, अर्ज टाकले जातात.

गरज आहे का, हे न बघताच अर्ज

ब्रॉडकॉमने क्वालकॉमविरुद्ध केलेल्या तक्रारीत आयोगाने २००७ मध्ये क्वालकॉमच्या चिप असलेल्या, पण प्रतिवादी नसलेल्या कंपन्यांच्या फोनवरही बंदी घातली. क्योसेरा आणि इतर कंपन्या अपिलात गेल्या. २००८ मध्ये पेटंटची अपिले ऐकणाऱ्या फेडरल सर्किट न्यायालयाने सांगितले की मर्यादित बंदी आदेश फक्त नाव घेतलेल्या प्रतिवादींच्या मालाला लागतो. सगळ्यांचा माल अडवायचा तर सर्वसाधारण बंदी आदेश मागावा लागतो आणि त्याच्या अटी कडक आहेत.

म्हणून तक्रारीत पहिल्यांदा मागणीचा परिच्छेद वाचा. मागणी फक्त मर्यादित आदेशाची असेल आणि तुम्ही तीच चिप वापरणारे, पण नाव नसलेले राउटर विक्रेते असाल, तर बहुधा लांब राहिलेलेच बरे. प्रतिवादीच्या दर्जाने आत शिरणे म्हणजे आदेशात स्वतःचे नाव जाण्याची सोय करून देणे. चिप पुरवणाऱ्याचे गणित वेगळे आहे. त्याचा ग्राहक प्रतिवादी असेल, तर ग्राहकाचा माल अडकतो आणि चिपची मागणीही त्याच्याबरोबर जाते.

जनहिताचे निवेदन म्हणजे हस्तक्षेप, असा समज

तक्रार दाखल झाल्यावर आयोग जनहिताबद्दल मते मागवतो. सूचना प्रसिद्ध झाल्यापासून ८ दिवस मिळतात आणि जोडपत्रांसह ५ पाने. यात आरोग्य, स्पर्धा, अमेरिकेतले पर्यायी उत्पादन आणि ग्राहक एवढेच मुद्दे मांडायचे. 'आमची चिप पेटंटचे उल्लंघन करत नाही' असे तिथे लिहिणे म्हणजे पाने फुकट घालवणे. निवेदन दिल्याने तुम्ही पक्षकार होत नाही, त्यामुळे साक्षीदाराची उलटतपासणी किंवा पुरावा मागणे यातले काहीच हाती येत नाही.

उशीर

आयोगाचे वेळापत्रक दिवाणी कोर्टासारखे रेंगाळत नाही. चौकशी संपवण्याची लक्ष्य तारीख सहसा १६ महिन्यांच्या आसपास असते, चौकशी सुरू झाल्याची सूचना छापून आली की पुराव्याची मागणी सुरू होते आणि प्रश्नावलीला १० दिवसांत उत्तर द्यावे लागते. हस्तक्षेपाच्या अर्जावर इतर पक्षांना उत्तर द्यायला १० दिवस असतात. चौकशी चालवणाऱ्या आयोगाच्या न्यायाधीशांनी अर्ज मंजूर केला तरी तो प्राथमिक निर्णय असतो. आयोगाने फेरविचाराला घेतला नाही, तर साधारण ३० दिवसांनी तो पक्का होतो. अर्ज टाकल्यापासून तो पक्का होईपर्यंत महिना-दीड महिना सहज जातो आणि तोवर घड्याळ थांबत नाही. पहिल्या काही आठवड्यांतच अर्ज टाका.

'आमचे नुकसान होईल' एवढ्यावर भिस्त

अर्ज सर्वांत जास्त इथे फसतो. आयोग संघीय कोर्टांतल्या हस्तक्षेपाच्या नियमाच्या, म्हणजे दिवाणी नियम २४ च्या, धर्तीवर चार गोष्टी पाहतो: अर्ज वेळेत आहे का, वादाच्या विषयात हितसंबंध आहे का, निकालाने त्या हिताला बाधा येईल का, आणि सध्याचा पक्षकार ते हित नीट सांभाळू शकतो का. चौथा मुद्दा लोक एका ओळीत उरकतात. समोरचा वकील नेमका त्यावरच बोट ठेवतो: 'प्रतिवादीलाही जिंकायचेच आहे, मग तुमची गरज काय?'

उत्तर असे द्या की ते पडताळता येईल. 'ग्राहकाची विक्री थांबल्यास आमचा तोटा होईल' याला वजन नाही. 'आरोप असलेले पॅकेट हाताळण्याचे काम आमच्या चिपमधल्या अमुक ब्लॉकमध्ये होते, त्याचे डिझाइन आणि सोर्स कोड फक्त आमच्याकडे आहेत आणि करारानुसार ते प्रतिवादीला दिलेले नाहीत' याला आहे. सोबत अभियंत्याचे शपथेवरचे निवेदन, कोणत्या राउटर मॉडेलमध्ये कोणत्या क्रमांकाची चिप आहे याचा तक्ता आणि पेटंट वादात ग्राहकाचा तोटा भरून देण्याच्या हमीचे करारातले कलम जोडा. चिपसाठी तुमच्याकडे पेटंटचा परवाना असेल, तर तोही मांडा. परवानाधारकाने विकलेल्या वस्तूवर पेटंटचा हक्क उरत नाही, विक्री परदेशात झाली तरी; हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. आणि परवान्याचा कागद ग्राहकाकडे क्वचितच असतो.

टेक्सासच्या संघीय कोर्टात एरिक्सनने डी-लिंक, नेटगिअर वगैरेंवर वाय-फाय पेटंटचा दावा लावला, तेव्हा इंटेल हस्तक्षेपक म्हणून त्यात उतरली, कारण चिप तिच्या होत्या.

आत आल्यावरचे घोटाळे

पक्षकार झालात की तुमच्याकडूनही पुरावा मागितला जातो. सोर्स कोड समोरच्या तज्ज्ञाला दाखवावा लागतो. उलट, संरक्षण आदेशाखालची (गोपनीय कागद कोणी पाहायचे हे ठरवणाऱ्या आदेशाखालची) कागदपत्रे तुमच्या स्वतःच्या अभियंत्यांना दिसत नाहीत. ती बाहेरचे वकील आणि मंजूर तज्ज्ञच पाहतात. फर्मवेअरचे काम पुण्या-बंगळुरूत चालत असेल, तर तिथल्या टीमला हे आधीच सांगा आणि जुन्या आवृत्त्या पुसू नका.

बदललेले डिझाइन तयार असेल, तर ते पुरावा गोळा करण्याची मुदत संपण्यापूर्वी नोंदीवर आणा आणि त्यावर निर्णय मागा. नाहीतर बंदी आदेश आल्यावर नवे डिझाइन बंदीत येते का, याच्या सल्लामतासाठी कस्टम्सकडे किंवा आयोगाकडे नव्याने खेटे घालावे लागतात आणि तोवर कंटेनर बंदरात पडून राहतो.

दाखल करण्याच्या चुका क्षुल्लक दिसतात, पण त्या महागात पडतात. सगळे आयोगाच्या ईडिस या ऑनलाइन प्रणालीवर, वॉशिंग्टनच्या वेळेनुसार संध्याकाळी ५:१५ पर्यंत. गोपनीय मजकूर असेल, तर गाळलेली सार्वजनिक प्रतही लागते. प्रत्येक पक्षकाराला प्रत दिल्याचे प्रमाणपत्र अर्जाला जोडलेले हवे आणि आयोगाचे चौकशी वकील पक्षकार असतील, तर त्यांनाही प्रत द्यावी लागते. ते नेमके विसरले जातात.