पहिला गेमिंग पीसी: पॉवर सप्लायवर पैसे वाचवू नका

पुण्याच्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, कोटेशन मागितलं की कागदावर प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड नावानिशी येतं, पण पॉवर सप्लायपुढे, म्हणजे सगळ्या पार्टना वीज पुरवणाऱ्या डब्यापुढे, नुसतं '५०० वॅट' लिहिलेलं असतं. तिथेच थांबा आणि कंपनी, मॉडेल विचारा. माझ्या पहिल्या पीसीत असाच बिननावाचा डबा होता. गेम जरा जड झाला की मशीन धाडकन बंद, आणि मी दोन महिने दोष ग्राफिक्स कार्डाला देत बसलो.

डब्याच्या बाजूचं स्टिकर वाचा. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर मुख्यतः १२ व्होल्टच्या लाइनवर चालतात, म्हणून त्या रकान्यातले वॅट एकूण आकड्याच्या जवळपास हवेत. ४२ अँपिअर असेल तर १२ गुणिले ४२, म्हणजे ५०४ वॅट. '८० प्लस ब्राँझ'चा शिक्का चांगलाच, पण तो फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो. म्हणून वॉरंटीही बघा. पाच वर्षांची मिळाली तर उत्तम. मॉन्सूनमध्ये लाइट ये-जा करते तेव्हा चांगला सप्लाय बाकीचे पार्ट सांभाळतो.

रॅम १६ जीबीची एक घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या, ड्युअल चॅनेल मिळतं, म्हणजे दोन्हींतून एकाच वेळी डेटा जातो. इंटेल प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं, कार्ड लागतंच. आरजीबी म्हणजे रंगीबेरंगी लाइटवाली कॅबिनेट नंतरही घेता येते.

आणि जोडणी झाल्यावर मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, ग्राफिक्स कार्डाला लावा.